खिडकीमागचा प्रॉम्प्टर

घरून, २४ मार्च

प्रिय खुशबू,

सप्रेम जय भीम.

उरलेले पेपर देऊन तू आत्याकडे निघून गेलीस, तेव्हापासून तिच्याकडे तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा गुणाबाईआत्या म्हणाली, "ती न्हायले गेली गा." माणूस दुपारी, संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्हायलाच कसा जातो, हे मी विचारलं नाही. म्हणून आलापल्लीच्या पत्त्यावर पत्र पाठवत आहे. हे तिसरं पान आहे. पहिल्या दोन पानांवर खाडाखोड झाली म्हणून फाडली.

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरला जे झालं त्याबद्दल तुझा गैरसमज राहू नये म्हणून सगळं क्रमाने मांडतो.

मी केंद्रावर आलो तो फक्त तुला पाण्याची बाटली द्यायला. ती तू घरी विसरली होतीस. शिपायाने फाटकातून आत सोडलं नाही म्हणून मी मागच्या बाजूने गेलो. तुझी खिडकी नेमकी तिकडे निघाली, हा योगायोग. मी तुला हाक मारली आणि इंग्रजीचे दोन-तीन शब्द बोललो, तेही अगदी हळू. नाटक कंपनीत तीन वर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करतो. माझा आवाज नटाच्या कानापलीकडे जात नाही, हे तुला माहीत आहे. तू वळून पाहिलंस म्हणून भरारी पथकाच्या मॅडमना दिसलं. वळली नसतीस तर तुझी उत्तरपत्रिका कोणी काढून घेतली नसती. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. घडलं ते लिहितो.

"बाहेरच्या माणसाला मी ओळखत नाही," असा जबाब तू लिहून दिलास, हे तुझ्या इंग्रजीच्या शमीम मॅडमकडून कळलं. चांगलं केलंस. आता चौकशी लागेल तेव्हाही तेच सांग. लोक म्हणतात, चौकशीत दोषी ठरलं तर सगळे विषय रद्द होतात आणि पुढच्या परीक्षांनाही बसता येत नाही. तुला अकरावीला गडचिरोलीला जायचं आहे. तेव्हा शब्द बदलू नकोस.

बाबा अजून चिडलेले आहेत. "मास्तरानं एवढं शिकवलं, अन् पोरगी चिठ्ठी घेऊन गेली," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. गावात मला सगळे मास्तर म्हणतात म्हणून तेही म्हणतात. मी मध्ये काही बोललो नाही. बोललो असतो तर ते आणखी चिडले असते.

आई बरी आहे. तब्येत सांभाळ.

तुझा भाऊ,
धम्मदीप


वडसा, २ एप्रिल

प्रिय खुशबू,

उत्तर आलं नाही. मी वडशाला कंपनीच्या खोलीवर आहे. हंगामाचे शेवटचे चार प्रयोग उरले आहेत.

मागच्या पत्रात काही गोष्टी चुकीच्या लिहिल्या. बाटली तुझ्या पिशवीतच होती. आईने भरली, झाकण मी घट्ट केलं. मी रिकाम्या हाताने आलो होतो. योगायोगही नव्हता. परीक्षा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आपण बैठक क्रमांक पाहायला गेलो, तेव्हाच मी बघून ठेवलं होतं की तुझा बाक शेवटचा आहे, खिडकीला लागून, आणि खिडकीमागे धानाच्या बांध्या आहेत.

अभ्यासाचंही लिहायला पाहिजे. तुला सगळं माहीत आहे, पण मी ते कधी कबूल केलेलं नाही.

शमीम मॅडम रोजचा गृहपाठ द्यायच्या: आज घरी जे घडलं त्यावर इंग्रजीत पाच वाक्ये, स्वतःची. तू पहिल्या दिवशी लिहिलंस, "अवर हेन फॉल इन पॉट. माय मदर लाफ. आय नॉट लाफ. इट इज माय हेन." मी ते लाल पेनाने खोडलं आणि गाईडमधून गाईवरची पाच वाक्ये सुवाच्य अक्षरात उतरवून दिली. मॅडमनी खाली लिहिलं, "गाय कोणाची?" दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाच शाळेत बोलावलं.

"धम्मदीप, तुमच्या घरी गाय आहे?"

"नाही मॅडम."

"मग कोंबडी कुठे गेली? मला त्या कोंबडीचं पुढे काय झालं ते पाहिजे होतं. अरे बाबा, तिला अडकू दे ना जरा. इतनी क्या जल्दी है तुला?"

मी "हो मॅडम" म्हणालो आणि घरी येऊन अकरा उत्तरांची संहिता तयार केली. दोन पत्रं, तीन भाषणं, बाकी निबंध. झाडं वाचवा या भाषणावर तीन तारे काढले, कारण ते येणार अशी माझी खात्री होती. मग आपली तालीम सुरू झाली. मी पहिले दोन शब्द बोलायचो, तू वाक्य पूर्ण करायचीस. तू श्वास घ्यायला थांबलीस तरी मी पुढचा शब्द फेकायचो. तीन महिन्यांत तू एकदाही अडकली नाहीस, असं मी बाबांना अभिमानाने सांगितलं होतं.

कंपनीत माझं कामच ते आहे. आमच्याकडे नट संहिता पाठ करत नाहीत, विंगेतल्या माणसाच्या भरवशावर उभे राहतात. नट गप्प झाला की मी मनात तीन मोजतो आणि वाक्य देतो. पण कुठे तो अडकला आहे आणि कुठे मुद्दाम थांबला आहे, हे ओळखावं लागतं. मागच्या महिन्यात बापाच्या भूमिकेत आमचे मालक सुरजभाऊ मुलीच्या पाठवणीला थांबले आणि मी वाक्य दिलं. पडदा पडल्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, "मले जरा रडू दे ना गा, मास्तर! बाया पदर डोळ्याले लावून राह्यल्या, अन् तू वाक्य फेकून राह्यला!" सगळे हसले. मीही हसलो.

तुझ्या खिडकीशी मी उभा होतो तेव्हा शेवटच्या अर्ध्या तासाची घंटा झाली होती. तू पेन ओठाला लावून समोरच्या भिंतीकडे बघत होतीस. मी तीन मोजले. वीस मोजले. तू हलली नाहीस. मला वाटलं, अडकली. मी म्हणालो, "खुशे, रिस्पेक्टेड टीचर्स अँड माय डिअर फ्रेंड्स." तू वळली नाहीस. मी पुन्हा म्हणालो. मग तू वळलीस आणि मान हलवलीस.

ती मान "ऐकू येत नाही" अशी नव्हती. "नको" अशी होती. मला ते तेव्हाच कळलं होतं. तरी मी पुढचं वाक्य बोललो, आणि आधीपेक्षा मोठ्याने. त्याच वेळी पथकाच्या मॅडम दारातून आत आल्या.

मी लाखोळीच्या उभ्या पिकातून तलावाच्या पाळीपर्यंत पळत गेलो. मागे वळून पाहिलं नाही.

तू वळलीस म्हणून सापडलीस, हे मागच्या पत्रातलं वाक्य मी मागे घेतो.

आलापल्लीला जाताना पिशवी भरता भरता तू माझ्याशी एकच वाक्य बोललीस: "तो प्रश्नच नव्हता, भाऊ." तेव्हापासून मी प्रश्नपत्रिका मिळवून पाहिलेली नाही. धीर होत नाही.

धम्मदीप


घरून, ९ एप्रिल

प्रिय खुशबू,

चौकशीची नोटीस आली आहे. अठ्ठावीस तारखेला नागपूरला, सकाळी अकरा वाजता, पालकासह. तुलाही शाळेमार्फत कळेलच. पण नोटीस आल्यावर घरात जे घडलं ते मला लिहावं लागेल.

बाबा दुपारी बांधीवरून आले होते. हातपाय धुऊन ओसरीवर बसले आणि म्हणाले, "वाच गा मास्तर. हळू वाच." आई दाराशी उभी होती.

नोटिशीत पर्यवेक्षकांच्या अहवालाच्या दोन ओळी आहेत. एक: बाहेरील पुरुषाने परीक्षार्थीस "खुशे" अशी हाक मारून उत्तर सांगितले. दुसरी: त्याने घरच्या नावाने हाक मारली असल्याने, त्याला ओळखत नाही हा परीक्षार्थीचा जबाब विश्वासार्ह वाटत नाही.

त्या दोन ओळी मी वाचल्या नाहीत.

मी वरच्या ओळीवरून थेट खालच्या ओळीवर गेलो. आवाजही अडखळला नाही. प्रयोगात वेळ कमी असला की मी अशीच पानं गाळतो, नटालाही कळत नाही. बाबांनी शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे पोरीनंच केलं. कागदच सांगून राह्यला."

आई म्हणाली, "असं कसं? खुशी असं नाई करत."

"तुले जास्त समजते का त्या साहेबाईपेक्षा?"

आई आत गेली. बाबा म्हणाले, "मी नाई जात नागपूरले. कोन्त्या तोंडानं जाऊ?" मी कागदाची घडी घातली. नंतर जेवायला बसलो आणि भात दोनदा घेतला. हे मुद्दाम लिहितो, कारण मला घास गिळवला नाही असं काही झालेलं नाही. माणसाला गिळता येतं.

मला कशाची भीती वाटते तेही लिहितो. पोलीस केसची वाटते. सुरजभाऊ पुढच्या हंगामाला ठेवणार नाहीत, याची वाटते. पण जास्त भीती गावाची आहे. ग्रामपंचायतीचे अर्ज माझ्याकडून लिहून घेतात. लग्नपत्रिकेची वेलांटी माझ्याकडून तपासून घेतात. दहावीत इंग्रजीत मला एकदा एकोणतीस मिळाले आणि एकदा एकतीस, हे लोक आता विसरले आहेत. मला त्यांची ती विस्मृती सांभाळायची आहे.

ते झाडांवरचं भाषण मला सगळं समजतही नाही, खुशबू. त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ मला आजही सांगता येणार नाही. स्पेलिंग मात्र सगळ्यांचं येतं. तुझ्या खिडकीशी उभा होतो तेव्हा मला तो पेपर माझाच वाटत होता. चार गुण माझे राहिले होते ना. ते मला पाहिजे होते, आणि तुझा हात तिथे होता.

चौकशीसाठी जबाब लिहायला बसलो. तीनदा लिहिला. तिन्ही वेळा पहिली ओळ अशी आली: "सदर दिवशी एक इसम खिडकीजवळ आला." "मी" हा शब्द लिहिताना हात वळत नाही.

एकोणीस दिवस उरले आहेत. तू खोटं लिहून दिलंस ते माझ्यासाठी, आणि आता तेच तुझ्याविरुद्ध जात आहे. मी गप्प राहिलो तर तुझं वर्ष जाईल, आणि पुढचीही जातील. हे मला नीट समजलं आहे. समजून नऊ तास झाले आणि मी अजून उठलेलो नाही.

धम्मदीप


घरून, १६ एप्रिल

प्रिय खुशबू,

परवा जयंती झाली. दरवर्षीप्रमाणे विहारात मुलांना वह्या वाटल्या, आणि दरवर्षीप्रमाणे मला अभ्यासावर दोन शब्द बोलायला सांगितलं. अंगणवाडीच्या नीलाबाई म्हणाल्या, "उठा मास्तर, पोरं वाट पाहून राह्यले." बाबा पांढरा सदरा घालून पुढे बसले होते. मी उठलो. घसा बसला आहे, असं सांगितलं आणि पुन्हा खाली बसलो. घसा बसलेला नव्हता.

मुलं खिरीच्या रांगेत लागली तेव्हा मी बाबांना विहाराच्या मागे नेलं. त्यांच्या हातात खिरीचा द्रोण होता. मी सांगितलं, "खिडकीशी मी होतो. तिनं काही मागितलं नव्हतं. ती नको म्हणत होती."

बाबांनी द्रोण दुसऱ्या हातात घेतला. मला वाटलं मारतील. मग त्यांनी विचारलं, "अन् मंग त्या दिवशी वाचलंस ते काय होतं?"

मी म्हणालो, "दोन ओळी सोडल्या."

"कोन्त्या?"

मी त्या दोन ओळी तोंडपाठ म्हणून दाखवल्या. पाठ होत्याच.

"खिडकीचं एक वेळ समजून घेईन गा," बाबा म्हणाले. "पोरीच्या मायेनं गेला असं म्हणीन. पन मले वाचता येत नाई म्हणून मी तुह्या तोंडाकडं पाहून ऐकत होतो. पोरीले मी काय काय बोललो! अन् तू बाजूले बसून ऐकून राह्यला होता."

त्यांनी द्रोण माझ्या हातात दिला आणि घरी गेले. घरी जाऊन नोटीस काढली आणि नीलाबाईंकडे नेऊन पहिल्यापासून पुन्हा वाचून घेतली. कालपासून घरात येणारा प्रत्येक कागद ते त्यांच्याकडेच नेतात. आज विजेचं बिल आलं. मी समोर बसलो होतो. ते माझ्या अंगावरून गेले.

आईने एवढंच विचारलं, "तिले लिहिलंस का, बाबाले सांगितलं म्हणून?" म्हणून हे पत्र.

जबाब लिहिला आहे. पहिला शब्द "मी" आहे. शमीम मॅडमनी वाचला. एक ठिकाणी मी लिहिलं होतं, "बहिणीच्या भल्याच्या हेतूने." त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ते मी काढून टाकलं. मग त्यांनी तो रजिस्टर टपालाने पाठवला.

बाबा नागपूरला येणार आहेत. माझ्याबरोबर नाही, वेगळ्या गाडीने.

धम्मदीप


घरून, ३० एप्रिल

प्रिय खुशबू,

आपण दोघं नागपूरच्या त्या खोलीत पाऊण तास होतो आणि बोललो नाही. म्हणून जे तिथे बोलता आलं नाही ते लिहितो.

चौकशीच्या साहेबांनी माझा जबाब समोर ठेवून तुला विचारलं, "या माणसाला ओळखता का?" तेव्हा तू गप्प झालीस. हो म्हटलं तर तुझा आधीचा जबाब खोटा ठरणार होता, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. आत्या तुझ्या पाठीवर हात ठेवायला पुढे झाली. बाबांनी तिला खुणेने थांबवलं. मग तू म्हणालीस, "ओळखते. भाऊ आहे माझा. तेव्हा मी खोटं लिहिलं होतं."

मी पायाच्या नखांकडे पाहत होतो. तू माझ्याकडे पाहिलंस की नाही, मला माहीत नाही.

इंग्रजीचा पेपर रद्द, बाकीचे विषय कायम, आणि जुलैत फेरपरीक्षेला बसायची मुभा. साहेबांनी हे सांगितलं तेव्हा बाबांना ते चांगलं की वाईट हे लगेच समजलं नाही. त्यांनी नीलाबाईंना शोधल्यासारखं आजूबाजूला पाहिलं, मग तुझ्याकडे पाहिलं. तू सांगितलंस. मला त्यांनी विचारलं नाही. माझ्याविरुद्ध पोलिसांत तक्रार जाणार आहे. ती गेल्यावर मी स्वतः ठाण्यात जाऊन सही करीन. सुरजभाऊंना फोन करून सांगून टाकलं. ते म्हणाले, "पाहू मंग दिवाळीले." पाहू म्हणजे नाही, हे मला समजतं.

तुझी अर्धी उत्तरपत्रिका ओळख पटवण्यासाठी टेबलावर ठेवली होती. माझ्या बाजूने ती उलटी होती. उलटं वाचायची मला सवय आहे. शेवटच्या पानावर प्रश्न क्रमांक होता आणि खाली तुझ्या अक्षरात चार ओळी. बाहेर आल्यावर मी शमीम मॅडमना फोन करून प्रश्न विचारून घेतला: तुम्ही नेहमी पाहता अशा एका कामाबद्दल लिहा. भाषण पूर्ण पेपरात कुठेच नव्हतं.

तुझ्या चार ओळींत दोन चुका होत्या, आणि मला आधी त्याच दिसल्या. हे लिहिताना मान खाली जाते, पण तसंच झालं. चुका पाहून झाल्यावर मग मी वाचलं. तू लिहिलं होतंस की आई रोवण्यात, धानाची रोपं लावताना, मागे मागे चालत जाते. ती जिकडे जाते तिकडे तिची पाठ असते. तिने लावलेलं मात्र तिला सगळं दिसत असतं. मी जन्मापासून आईला रोवणा करताना पाहतो. मला हे कधी दिसलं नाही. माझ्या अकरा उत्तरांत आई कुठेही नव्हती.

चौथी ओळ अशी आहे: "व्हेन आय लुक अॅट हर, आय." तिथे पेन उचललेलं आहे. त्यानंतर तू भिंतीकडे पाहत होतीस. मी बाहेर वीस मोजत होतो.

खुशबू, परवापासून मी ते वाक्य मनात पूर्ण करून बघतो. मला जमत नाही. तुला विचारणारही नाही. तुला ते आता आठवत नसेल तर त्याची भरपाई माझ्याकडे नाही.

बाबा तुला आणायला मेच्या शेवटी आलापल्लीला येतील. आई म्हणते, शमीम मॅडम जूनमध्ये शाळेत बसवून तुझा अभ्यास घेणार आहेत. वह्यांना मी हात लावणार नाही. संहितेची ती अकरा पानं मी चुलीत घातली. आई म्हणाली, एका बाजूने कोरी होती, ठेवायची होतीस.

जुलैत पेपरच्या दिवशी बाबा तुला सायकलने केंद्रावर नेतील आणि सुटेपर्यंत फाटकाशी बसतील. ते आजपासूनच सगळ्यांना सांगत आहेत. मी त्या दिवशी आईबरोबर रोवण्यावर असेन. आपली बांधी केंद्रापासून नऊ किलोमीटर आहे, मध्ये एक नाला आणि दोन गावं आहेत. मी कितीही मोठ्याने बोललो तरी तिथून काही ऐकू येणार नाही.

धम्मदीप